गोठ्यातला ‘काऊ’ आणि औषधाच्या खोक्यावरचा ‘बोव्हाइन’

२०२२ साली लंपी चर्मरोगाची साथ आपल्या बेळगाव भागात आली, तेव्हा खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून शाळेला येणारा दहावीचा एक मुलगा औषधाचे रिकामे खोके घेऊन माझ्याकडे आला. घरची गाय आजारी होती, डॉक्टर तपासून औषध देऊन गेले होते, आणि खोक्यावरच्या एका शब्दापाशी तो अडला होता. ‘‘सर, आमच्या गायीला दिल्यात हे औषध. पन वर ‘काऊ’ कुठंच लिवलेलं न्हाई, ‘बोव्हाइन’ लिवलंय. हे कुठलं जनावर म्हनायचं?’’ पहिलीपासून त्याने ‘काऊ’ हा शब्द शेकडो वेळा गिरवला होता, गाईवर इंग्रजीत दहा ओळींचा निबंधही लिहिला होता, आणि तरीही घरच्या गाईला द्यायच्या औषधावर त्याला गाय सापडत नव्हती.

ही अडचण त्या एका मुलाची नाही. वर्तमानपत्रात बर्ड फ्लूची बातमी येते तेव्हा आत ‘एव्हियन इन्फ्लुएन्झा’ असे लिहिलेले असते. दातांचे डॉक्टर सुळ्याला ‘केनाइन’ म्हणतात. प्रवेश परीक्षेच्या जीवशास्त्रात ‘ओव्हिपॅरस’ आणि ‘नॉक्टर्नल’ हे शब्द कोणतेही स्पष्टीकरण न देता येतात. ‘डॉग’, ‘कॅट’, ‘हॉर्स’ इथपर्यंत आपली मुले सहज पोहोचतात, आणि त्याच्या पुढची पायरी कोणी दाखवत नाही म्हणून तिथेच थांबतात. ती पायरी इथे दाखवायची आहे.

मराठीत तरी एका जनावराला एकच नाव आहे का?

आधी इंग्रजी बाजूला ठेवू आणि आपल्याच भाषेकडे पाहू. रस्त्यावर भुंकतो तो कुत्रा असतो, पण चोरीचा तपास करायला पोलिसांबरोबर येते ते मात्र श्वानपथक असते. त्याला कोणी ‘कुत्रापथक’ म्हणत नाही. टांग्याला घोडा जुंपलेला असतो आणि मोटारीची ताकद अश्वशक्तीत मोजतात. चुलीपाशी मांजर झोपते, परंतु पुस्तकात वाघ आणि बिबट्या मार्जारकुळातले असतात. साप चावतो, आणि सरकारी दवाखान्यातल्या कागदावर त्याचा सर्पदंश होतो. बाजारात मासे विकतात, खाते मात्र मत्स्यव्यवसायाचे असते.

म्हणजे प्रत्येक ओळखीच्या जनावराचा एक शब्द घरातला असतो आणि एक शब्द चारचौघांत नेसायच्या धोतरासारखा राखून ठेवलेला असतो. आपल्याकडच्या जुन्या घरांत गोठा आणि सोपा, म्हणजे पुढची बसा-उठायची जागा, एकाच छपराखाली असत. गोठ्यात जनावरांशी बोलणे चाले आणि सोप्यात पाहुणे, तलाठी, गुरुजी यांच्याशी. तोच दाखला घेऊन मी मुलांना सांगतो की ‘कुत्रा’ हा गोठ्यातला शब्द आणि ‘श्वान’ हा सोप्यातला शब्द. यापुढे हीच दोन नावे वापरू.

सीमाभागातल्या मुलांना तर ही गोष्ट दुहेरी माहीत असते. कन्नडमध्ये कुत्र्याला ‘नायी’, म्हशीला ‘एम्मे’, गाईला ‘आकळु’ म्हणतात. गोठ्यातले हे शब्द मराठीहून अगदी वेगळे आहेत. परंतु कन्नड बातमीत पोलिसांचे पथक येते तेव्हा तेही ‘श्वान दळ’च असते. खाली दोन भाषा वेगळ्या बोलतात आणि वर सोप्यात आल्यावर एकच शब्द उच्चारतात. युरोपातही नेमके हेच झाले आहे. इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश यांचे घरातले शब्द वेगवेगळे आहेत, पण विद्वत्तेचे शब्द त्यांनी एकाच लॅटिन भांडारातून घेतले आहेत. आपल्याला संस्कृत जसे, तसे त्यांना लॅटिन.

इंग्रजीत हा सोपा बांधला कोणी?

१०६६ साली फ्रान्सच्या उत्तरेकडच्या नॉर्मंडीतून आलेल्या सैन्याने इंग्लंड जिंकले आणि पुढची काही शतके तिथल्या राजदरबाराची भाषा फ्रेंच राहिली. शेतात राबणारा माणूस जुने इंग्रजी बोलत राहिला आणि वाड्यात जेवणारा माणूस फ्रेंच. त्याची खूण आजही ताटात दिसते. जिवंत गाय ‘काऊ’, पण तिचे मांस ‘बीफ’. जिवंत डुक्कर ‘स्वाइन’ किंवा ‘पिग’, पण मांस ‘पोर्क’. जिवंत मेंढी ‘शीप’, पण मांस ‘मटन’. पाळणाऱ्याचा शब्द जनावराला चिकटला आणि खाणाऱ्याचा शब्द मांसाला. बेळगावात आपण मटण म्हणतो ते बहुतेक वेळा बकऱ्याचे असते, इंग्लंडमध्ये मात्र ‘मटन’ म्हणजे मोठ्या मेंढीचेच मांस, कारण फ्रेंच ‘मुताँ’ म्हणजे मेंढी.

फ्रेंचांच्या वरही एक थर आहे, तो लॅटिनचा. चर्च, न्यायालये, वैद्यक आणि पुढे विज्ञान यांनी आपले शब्द बहुतांशी लॅटिनमधून आणि काही ग्रीकमधून घेतले. ‘बोव्हाइन’ तिथून आला. लॅटिनमध्ये गाय-बैल म्हणजे ‘बोस’, आणि त्याला जोडशब्दात ‘बोव्ह’ असे रूप येते. त्याच्या पुढे ‘आइन’ हा प्रत्यय लागला की ‘गाईसंबंधीचा’ असा अर्थ होतो. आपण कुलापासून कुलीन आणि ग्रामापासून ग्रामीण करतो, तसेच हे. एकदा प्रत्यय ओळखीचा झाला की पुढचे शब्द भराभर सुटतात: ‘केनाइन’ कुत्र्यासंबंधी, ‘फीलाइन’ मांजरासंबंधी, ‘इक्वाइन’ घोड्यासंबंधी, ‘ओव्हाइन’ मेंढीसंबंधी, ‘कॅप्राइन’ शेळीसंबंधी, ‘पॉर्साइन’ डुकरासंबंधी, ‘अर्साइन’ अस्वलासंबंधी. पक्ष्यांचा ‘एव्हियन’ आणि माकडांचा ‘सिमियन’ थोड्या वेगळ्या प्रत्ययाचे आहेत, परंतु घडण तीच. काही देशांत पोलिसांच्या श्वानपथकाच्या गाडीवर ‘के’ हे अक्षर आणि नऊचा आकडा रंगवलेला असतो. तो मोठ्याने वाचला की ‘केनाइन’ ऐकू येते.

माझ्या विद्यार्थ्याच्या खोक्याचा उलगडा एवढाच होता. खोक्यावर सोप्यातला शब्द होता आणि त्याला फक्त गोठ्यातला शिकवलेला होता. शिवाय ‘काऊ’ म्हणजे एकटी गाय, तर ‘बोव्हाइन’मध्ये गाय, बैल, वासरू आणि व्यापक अर्थाने म्हैससुद्धा येते. मराठीत ‘गोवंशीय’ हा शब्द आहे, पण त्यात म्हैस बसत नाही. म्हणून औषधाबाबत शंका असेल तेव्हा शब्दकोशावर न थांबता पशुवैद्यांनाच विचारावे, हेही मी त्याला त्याच वेळी सांगितले.

लॅटिन परके वाटते, ते तितके परके नाही

इथे मला थोडे थांबायचे आहे, कारण ही गोष्ट कळल्यावर मुलांचे चेहरे बदलतात हे मी दरवर्षी पाहतो. संस्कृत आणि लॅटिन या एकाच कुळातल्या भाषा आहेत. त्यामुळे आपल्या सोप्यातले शब्द आणि इंग्रजीच्या सोप्यातले शब्द अनेकदा चुलतभाऊ निघतात. संस्कृत ‘गो’ आणि लॅटिन ‘बोस’ एकाच मुळाचे आहेत, आणि इंग्रजी ‘काऊ’सुद्धा त्याच मुळाचा. संस्कृत ‘सर्प’, लॅटिन ‘सर्पेन्स’, इंग्रजी ‘सर्पंट’. संस्कृत ‘मूषक’ आणि इंग्रजी ‘माउस’. मेंढीला संस्कृतात ‘अवि’ म्हणतात, लॅटिनमध्ये ‘ओविस’. अस्वलाला ‘ऋक्ष’ आणि ‘उर्सुस’.

काही जोड्या कानाला सारख्या लागत नाहीत, कारण मूळचा ‘क’ पुष्कळदा संस्कृतात ‘श’ झाला आणि लॅटिनमध्ये ‘क’च राहिला. आपले ‘शत’, त्यांचे ‘केंटुम’, ज्यातून ‘सेंच्युरी’ आली. आपले ‘दश’, त्यांचे ‘देकेम’, ज्यातून ‘डेसिमल’ आले. हा नियम हातात धरून पाहिले की ‘अश्व’ आणि ‘एक्वुस’, ‘श्वन्’ आणि ‘कानिस’ ही नाती उघडी पडतात. इंग्रजीच्या जुन्या बोलीत तोच ‘क’ पुढे ‘ह’ झाला, म्हणून आपल्या ‘शत’चा तिथे ‘हंड्रेड’ झाला आणि ‘श्वाना’चा ‘हाउंड’.

‘हाउंड’ हा शब्द आपल्या शेजारीच बांधलेला आहे. बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळचा सडपातळ, लांब पायांचा शिकारी कुत्रा ‘मुधोळ हाउंड’ म्हणून सर्वत्र ओळखला जातो. जुन्या इंग्रजीत ‘हुंड’ म्हणजे कोणताही कुत्रा. पुढे ‘डॉग’ हा शब्द कुठून तरी पुढे आला, त्याने घरातली जागा घेतली आणि ‘हाउंड’ शिकारी कुत्र्यापुरता उरला. मुधोळचा श्वान आणि मुधोळचा हाउंड असे म्हटले, तर आपण एकच शब्द दोन वेळा उच्चारत असतो.

याच ओघात ‘पशू’. त्याचा लॅटिन भाऊ ‘पेकू’, म्हणजे गुरेढोरे. त्यातून लॅटिनमध्ये पैशासाठी ‘पेकुनिया’ शब्द झाला आणि इंग्रजीत आर्थिक या अर्थाने ‘पेक्युनियरी’ आला. इंग्रजी ‘कॅटल’ म्हणजे गुरे आणि ‘कॅपिटल’ म्हणजे भांडवल, हे दोन शब्दही एकाच लॅटिन शब्दातून निघाले आहेत. ज्या घरात म्हैस विकून मुलीची फी भरली जाते, त्या घराला ‘पशुधन’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. तसाच ‘लाइव्हस्टॉक’ हाही समजावून सांगावा लागू नये.

बेळगावच्या व्हॅक्सिन डेपोतली गाय

टिळकवाडीतला व्हॅक्सिन डेपो बेळगावकरांना सकाळी फिरायला जायचे ठिकाण म्हणून ठाऊक आहे. गर्द झाडीचा तो परिसर मूळचा देवी या रोगाच्या लसीच्या संस्थेचा. ‘व्हॅक्सिन’ या नावातच एक गाय आहे. लॅटिनमध्ये ‘बोस’ हा गाय-बैल दोघांनाही चालणारा शब्द, तर खास गाईसाठी ‘वाक्का’. इंग्लंडमधल्या एडवर्ड जेन्नर या डॉक्टरने १७९६ साली गाईला होणाऱ्या सौम्य देवीचा द्रव एका मुलाला टोचला आणि त्याला माणसाच्या भयंकर देवीपासून संरक्षण मिळते हे दाखवून दिले. गाईपासून आलेली म्हणून ती ‘व्हॅक्सिन’. पुढे फ्रान्सच्या लुई पाश्चरने जेन्नरच्या सन्मानार्थ हे नाव सगळ्याच लसींना लावले, आणि आज ज्या लसीचा गाईशी काहीही संबंध नाही तीसुद्धा ‘व्हॅक्सिन’ म्हणवते. त्या काळी देवीची लस वासरांच्या कातडीवर वाढवली जात असे. म्हणजे जनावरांची ही इंग्रजी शब्दावली जिथे रोज पाटीवर वाचतो, ती जागा शहराच्या मध्यभागी आहे.

लंपीच्या साथीतही अशीच एक गंमत दडलेली होती. रोग गाईंचा, पण त्याचा विषाणू ज्या गटात मोडतो त्याचे नाव ‘कॅप्रिपॉक्स’, म्हणजे शेळीच्या देवीचा गट. शेळ्यांची देवी, मेंढ्यांची देवी आणि लंपी हे तिघे एकाच घराण्यातले विषाणू आहेत. म्हणूनच त्या वर्षी आपल्या गाईंना शेळ्यांच्या देवीची लस टोचली गेली. ‘गाईला शेळीचे औषध देतात’ म्हणून काही गावांत लोक घाबरले होते. ‘कॅप्राइन’ आणि ‘बोव्हाइन’ हे शब्द आणि त्यांच्यातला हा धागा कोणी वेळेवर समजावून सांगितला असता, तर ती भीती कमी झाली असती असे मला मनापासून वाटते.

सारखे दिसते ते सारखे असतेच असे नाही

या पद्धतीवर रास्त आक्षेप असा की मुळांवरून अर्थ लावायला गेले तर फसगत होते. होते, हे खरे आहे. ‘ओव्हाइन’ म्हणजे मेंढीसंबंधी, पण ‘ओव्हिपॅरस’ म्हणजे मेंढी विणारा नव्हे, तर अंडी घालणारा. पहिल्यात मेंढीचा ‘ओविस’ आहे आणि दुसऱ्यात अंड्याचा ‘ओवुम’. आपल्याकडे या दुसऱ्या शब्दासाठी ‘अंडज’ हा नेमका शब्द शतकानुशतके आहे, आणि वारेसह पिलाला जन्म देणाऱ्यांसाठी ‘जरायुज’. ‘इक्वाइन’ घोड्याचा, पण दिवस-रात्र समान होण्याच्या ‘इक्विनॉक्स’मध्ये घोडा नाही, तिथे समान या अर्थाचा वेगळाच लॅटिन शब्द आहे.

अशा फसव्या जोड्यांना सीमाभागातल्या मुलांनी घाबरण्याचे काहीच कारण नाही, कारण ती रोज त्यांतून वाट काढत असतात. मराठीत कोळी म्हणजे जाळे विणणारा आठ पायांचा जीव किंवा मासेमारी करणारा माणूस, आणि कन्नडमध्ये ‘कोळी’ म्हणजे कोंबडी. मराठीत करडू म्हणजे शेळीचे पिल्लू, आणि कन्नडमध्ये ‘करडी’ म्हणजे अस्वल. बेळगावच्या बाजारात भाजी घेणारे पोरगे हे दोन अर्थ वेगळे ठेवते, कारण त्याने ते शब्द वापरात ऐकलेले असतात. इंग्रजीचेही तसेच आहे. मूळ फक्त दार दाखवते, आत काय आहे ते वाक्यच सांगते.

जनावर तेच, पण स्वभाव वेगळा

काही वर्षांपूर्वी आठवीतल्या एका मुलीने ‘माझी आई’ या विषयावर इंग्रजी निबंधात लिहिले होते, ‘माय मदर इज लाइक अ काऊ’. तिला म्हणायचे होते की आई सोशिक आहे, मायाळू आहे, कोणाला दुखावत नाही. मराठीत ‘ती अगदी गाय आहे हो’ हे वाक्य आपण कौतुकाने, थोड्या करुणेने म्हणतो. इंग्रजीत मात्र एखाद्या बाईला ‘काऊ’ म्हणणे ही शिवी आहे, आणि माणसाला ‘बोव्हाइन’ म्हणणे म्हणजे मठ्ठ म्हणणे. मी ते वाक्य लाल शाईने खोडले नाही. तिला जवळ बसवून दोन्ही भाषांतल्या गाईंतला फरक सांगितला, आणि आईसाठी ‘जेंटल’ आणि ‘पेशंट’ हे शब्द दिले.

पुढच्या पायरीवरची शब्दसंपत्ती खरी कसाला लागते ती इथे. इंग्रजीत घुबड शहाणे असते, आपल्याकडे अशुभ. ‘डॉग्ड’ म्हणजे कुत्र्यासारखा नव्हे, तर चिकाटीने मागे लागणारा, आणि हा शब्द स्तुतीचा आहे. ‘शीपिश’ वाचून मेंढरासारखा मागोमाग जाणारा असा अर्थ मुले लावतात, पण त्याचा अर्थ ओशाळलेला. ‘ॲसिनाइन’मध्ये लॅटिन गाढव आहे आणि अर्थ मूर्खपणाचा, तिथे दोन्ही भाषांचे एकमत आहे. ‘ॲक्विलाइन’ नाक म्हणजे गरुडाच्या चोचीसारखे बाकदार, आपण त्याला पोपटासारखे नाक म्हणतो. ‘बुलिश’ आणि ‘बेअरिश’ हे शेअरबाजारातले शब्द म्हणजे तेजीचा आणि मंदीचा कल. बैल शिंगांनी वर उडवतो आणि अस्वल पंजाने खाली पाडते असे लक्षात ठेवले की दोघांची अदलाबदल होत नाही.

ज्या बाबतीत मराठी इंग्रजीला शिकवू शकते

‘आपली शब्दसंपत्ती कमी, त्यांची अफाट’ असे पुष्कळ पालक बोलून दाखवतात. जनावरांच्या बाबतीत तरी हे खरे नाही. आपल्याकडे गाईची तरणी मादी कालवड, नर गोऱ्हा, वाढीला लागलेला खोंड, राखलेला वळू आणि खच्ची करून जुंपलेला बैल. म्हशीचे रेडकू, वगार आणि रेडा. घोड्याचे शिंगरू, मेंढीचे कोकरू, शेळीचे करडू, आणि अंड्यावर यायच्या वयाची कोंबडी ती तलंग. इंग्रजीत कालवडीला ‘हेफर’, शिंगराला ‘फोल’, कोकराला ‘लॅम्ब’, करडाला ‘किड’ आणि तलंगेला ‘पुलेट’ असे चोख शब्द आहेत. परंतु रेडकासाठी त्यांना ‘बफेलो काफ’ असे दोन शब्द जोडावे लागतात, कारण त्या देशात म्हैस नव्हती. गोठा जिथे भरलेला असतो तिथे शब्दही भरलेले असतात.

नांगराच्या बैलाला आपली मुले सर्रास ‘बुल’ लिहितात, ही चूक मात्र सुधारायलाच हवी. ‘बुल’ म्हणजे वळू. बैल म्हणजे ‘बुलक’ किंवा ‘ऑक्स’, आणि ‘ऑक्स’चे अनेकवचन ‘ऑक्सन’. विण्याच्या बाबतीत उलटे आहे. आपल्याकडे गाय, घोडी, शेळी सगळ्या ‘व्यायल्या’ एवढे एक क्रियापद पुरते. इंग्रजीत गाईसाठी ‘काव्ह’, घोडीसाठी ‘फोल’, मेंढीसाठी ‘लॅम्ब’ आणि डुकरिणीसाठी ‘फॅरो’ अशी निरनिराळी क्रियापदे आहेत.

अथणी आणि चिकोडीकडे पावसाळा उतरला की मेंढरांच्या खांडी रस्त्याने निघालेल्या दिसतात. अशा कळपाच्या पुढे गळ्यात घंटा बांधलेला एक मेंढा चालतो आणि बाकीची मेंढरे त्या आवाजामागे जातात, असे इंग्लंडच्या मेंढपाळांतही होते. खच्ची केलेल्या मेंढ्याला इंग्रजीत ‘वेदर’ म्हणतात, आणि घंटा बांधलेला तो ‘बेलवेदर’. आता निवडणुकीच्या बातम्यांत जो मतदारसंघ राज्याचा कल आधीच दाखवतो त्याला ‘बेलवेदर’ म्हणतात. हवामानाच्या ‘वेदर’शी या शब्दाचा काही संबंध नाही. ज्या मुलाने धनगरांचा तळ पाहिला आहे त्याला हा शब्द शहरातल्या मुलापेक्षा लवकर कळतो, असा माझा अनुभव आहे.

कावळ्यांचा ‘मर्डर’ पाठ करावा का?

स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत समूहवाचक नामांच्या लांबलचक याद्या असतात: सिंहांची ‘प्राइड’, घुबडांची ‘पार्लमेंट’, कावळ्यांचा ‘मर्डर’. यांतले बरेच शब्द पंधराव्या शतकातल्या शिकारी सरदारांच्या शब्दविलासातून आले आहेत. १४८६ साली इंग्लंडात छापलेल्या शिकारीवरच्या एका पुस्तकात अशी मोठी यादी आहे. रोजच्या लिखाणात इंग्रज माणूससुद्धा कावळ्यांच्या थव्याला साधे ‘फ्लॉक’ म्हणतो. गुरांचा ‘हर्ड’, मेंढ्यांचा आणि पक्ष्यांचा ‘फ्लॉक’, लांडग्यांचा ‘पॅक’, मधमाश्यांचा ‘स्वार्म’, एका वेतातल्या पिलांचा ‘लिटर’ आणि माशांचे ‘स्कूल’ एवढे आले की माझ्या मते पुरे. माशांच्या ‘स्कूल’चा शाळेशी संबंध नाही, तो डच भाषेतला थवा या अर्थाचा शब्द आहे.

आपल्या बातम्यांत चुकणारी नावे

ऑगस्ट २०२२ मध्ये बेळगावच्या गोल्फ मैदानाच्या परिसरात बिबट्या वावरत होता, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या आणि शोधासाठी हत्तीही आणले गेले. त्या दिवसांत त्याच एका प्राण्याला लोक ‘लेपर्ड’, ‘पँथर’ आणि ‘चीता’ अशा तिन्ही नावांनी बोलवत होते. भारतात ‘लेपर्ड’ आणि ‘पँथर’ म्हणजे बिबट्याच. काळा बिबट्या तो ‘ब्लॅक पँथर’. ‘चीता’ मात्र सर्वस्वी वेगळा प्राणी, भारतातून नामशेष झालेला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात नामिबियातून मध्य प्रदेशातल्या कुनोत आणलेला. ठशांना बातम्यांत ‘पगमार्क’ म्हणत होते, त्यातला ‘पग’ हा पाऊल या अर्थाचा हिंदी शब्द आहे.

भीमगडच्या आणि दाजीपूरच्या जंगलातल्या गव्याला ‘बायसन’ म्हणायची सवय ब्रिटिश शिकाऱ्यांनी लावली. त्याचे खरे इंग्रजी नाव ‘गौर’. बायसन अमेरिकेत आणि युरोपात असतो. तसेच घोरपडीला ‘इग्वाना’ लिहिणे चूक आहे, ती ‘मॉनिटर लिझर्ड’. चुकीचे नाव छापले की त्या नावाने शोधणाऱ्या मुलाच्या हाती दुसऱ्याच खंडातल्या प्राण्याची माहिती लागते.

‘इंग्रजीतूनच विचार करा’ असे सांगतात, त्याचे काय?

हा आक्षेप मी शिक्षकांच्या बैठकांतही ऐकला आहे. मराठी आणि कन्नडचा आधार घेतला तर मूल भाषांतरात अडकते, असे म्हणतात. बोलताना प्रत्येक वाक्य मनात उलथवत बसू नये, हे मान्य. परंतु ज्या मुलाला कालवड म्हणजे काय हे ठाऊक आहे, त्याला ‘हेफर’साठी फक्त नाव शिकायचे असते, ज्याला ठाऊक नाही त्याला आधी ती वस्तू शिकावी लागते आणि मग नाव. गोठ्यातले ज्ञान असलेल्या मुलाला ते दाराबाहेर ठेवून यायला सांगणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

मी वर्गात पाच रकान्यांची वही करून घेतो. पहिल्या रकान्यात घरचा मराठी शब्द, दुसऱ्यात घरचा कन्नड शब्द, तिसऱ्यात या दोघांचा सोप्यातला शब्द, चौथ्यात इंग्रजी गोठ्यातला आणि पाचव्यात इंग्रजी सोप्यातला. कुत्रा, नायी, श्वान, डॉग, केनाइन. घोडा, कुदुरे, अश्व, हॉर्स, इक्वाइन. रकाने कधी पूर्ण भरत नाहीत, आणि ज्या जागा रिकाम्या राहतात त्यांवरच वर्गात सर्वांत जास्त बोलणे होते. गेल्या वर्षी एका मुलीने वहीत मुंगसाची ओळ लिहिली: मराठी मुंगूस, कन्नड मुंगुसी, सोप्यात नकुल. चौथ्या रकान्यापाशी ती थांबली आणि म्हणाली, ‘‘सर, इंग्लिशला पन तेच लिवू? शब्दकोशात ‘मंगूस’ हाय.’’ तेच लिहायचे होते. इंग्रजांच्या देशात मुंगूस नव्हते, ते त्यांनी इथे पाहिले आणि नावही मराठीतूनच उचलले. तिने पुढे अनेकवचन विचारले. ‘गूस’चे ‘गीस’ होते, म्हणून ‘मंगूस’चे ‘मंगीस’ होईल असे तिला वाटले होते. होत नाही, कारण हंसाचा ‘गूस’ इंग्रजीच्या जुन्या घरातला आहे आणि मुंगूस आपल्याकडचे. त्याचे अनेकवचन साधे ‘मंगूसेस’.